पीडा घेणारा मासा

"हा आजार माशाचा आहे, की माझ्या मुलीचा? तेवढं एकच सांगा, नाना."

गोसावीनाना चिंचेखाली बसून दोरी वळत होते, ती वळत राहिले.

संपतराव मगदूम हातात बादली धरून तसेच उभे होते. सांगलीत त्यांचं फरशांचं मोठं दुकान. तिथं त्यांनी नुसती मान वळवली तरी माणसं धावतात. कृष्णाकाठच्या या मठीत मात्र त्यांना बसा म्हणायलाही कोणी नव्हतं.

"नाना, मी घाईत आहे."

"मंग बस की. घाईच्या मानसानं उभं ऱ्हाऊ न्हाई."

ते खाली बसले. एरवी खुर्ची रुमालानं झटकून घेणारा हा माणूस, आज पँटला माती लागली तरी त्याला कळलं नाही.

बादलीत एक मोठा मासा होता. कपाळावर हे एवढं टेंगूळ. फ्लॉवरहॉर्न म्हणतात त्याला. काचेच्या टाकीत एकटाच पाळतात. संपतरावांच्या मुलीनं, ईश्वरीनं, त्या टेंगळावरून त्याचं नाव लाडू ठेवलं होतं. मूळचा लालभडक लाडू आता काळपट दिसत होता. एका कुशीवर कलून, तोंड पाण्याबाहेर काढून तो हवा गिळत होता.

"काय हुतंय त्याला?"

"खात नाही. पंख मिटून पडून राहतो. कोणी म्हणतं जंत झालेत, कोणी म्हणतं पोटातली हवेची पिशवी बिघडलीय."

"आनी पोरीला?"

"डेंग्यू. आयसीयूत आहे. प्लेटलेट उतरतच चालल्यात."

नानांनी बादलीत वाकून बघितलं.

"तिला ॲडमिट केलं त्याच दिवशी यानं खाणं सोडलं, नाना. त्याच दिवशी! मासा देताना दुकानदार म्हणाला होता, हा साधासुधा मासा नाही. घरावर पीडा आली की ती स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरून जातो."

हसण्यासारखं आहे खरं. पण हसू नये. पोटचं पोर आयसीयूत निजलेलं असलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

"म्हणून विचारतोय. साधा आजार असेल तर औषध घालतो. पीडा घेतली असेल तर..."

"तर?"

"तर याला हात लावायचा नाही."

नानांच्या हातातली दोरी थांबली. ते पुढं सरकले, बादलीत दोन बोटं बुडवली आणि नाकाशी नेली.

"मला माशातलं काय कळत न्हाई. पर पान्याला घाण येतीया. कवा बदललंस? आनी टाकीला बुडबुडं सोडनारं यंत्र असतंय न्हवं?"

"असतं."

"चालू हाय?"

संपतराव नदीकडं बघू लागले. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरत होत्या.

"बंद केलंय."

"कुनी, संपत?"

"मी."

इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढला, नाव बघितलं. बायकोचा होता, दवाखान्यातून. त्यांनी फोन उचलला नाही. वाजून वाजून तो गप्प झाला.

"उचलला का न्हाईस?"

"भीती वाटते." हे दोन शब्द बोलायला त्यांना फार कष्ट पडले. "काल तिनं ईश्वरीशी बोलायला दिला होता. पोरीच्या आवाजात जीव नाही, आणि विचारतेय काय, तर लाडूनं खाल्लं का."

"तू काय म्हनलास?"

"म्हटलं, खाल्लं."

नाना उठले. मठीच्या पायरीवर पाण्यानं भरलेली कळशी होती, ती घेऊन आले. बादली कलती करून त्यांनी थोडं घाण पाणी मातीत सोडलं आणि कळशी बादलीवर वाकवली.

स्वच्छ पाण्याची धार पडली. लाडूनं एकदा शेपटी हलवली.

"नाही!"

संपतरावांनी नानांचं मनगट धरलं. असं घट्ट की कळशी हिंदकळली आणि दोघांचेही कपडे भिजले. म्हाताऱ्या माणसाचा हात आपण पिरगाळतोय, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"नका घालू, नाना. पाया पडतो तुमच्या. हा बरा झाला तर ते सगळं माघारी तिच्यावर जाईल... जाऊ द्या याला. मी त्याचीच वाट बघत बसलोय, पण हा जातच नाही हो!"

नानांनी हात सोडवून घेतला नाही. ते नुसते त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

हळूहळू संपतरावांची पकड सुटली. नानांच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

"बरं," नाना म्हणाले. त्यांनी कळशी बाजूला ठेवली आणि बादली संपतरावांच्या पुढ्यात सारली. "मंग वाट कशाला बघायची? उपडी कर."

"काय?"

"उपडी कर हितंच. मातीत तडफडंल आनी जाईल. पोरगी सुटली. तुझा इस्वास हाय न्हवं? कर की! ती तिकडं झुरतीया आनी तू हितं येळ घालवतोस व्हय रं?"

संपतरावांनी दोन्ही हातांनी बादली धरली. जबडे आवळले, डोळे मिटले आणि बादली कलती केली. पाणी काठावरून सांडायला लागलं. लाडू घसरत काठाशी आला. त्याच्या अंगाचा गार, बुळबुळीत स्पर्श संपतरावांच्या बोटांना झाला.

त्यांनी डोळे उघडले.

मासा त्यांच्याकडे बघत होता, असं आपण म्हणू नये. मासा कुठंही बघतो. पण संपतरावांना आठवलं ते टाकीच्या काचेला नाक चिकटवून बसलेलं पोर, बोटानं काचेवर रेघा ओढत त्याला इकडून तिकडं पळवणारं.

बादली खाडकन सरळ झाली.

"नाही होत माझ्याच्यानं."

"का?"

"तिचा आहे तो." आणि मग ते ढसाढसा रडले. दुकानातल्या कुणी बघितलं असतं तर आपले मालक ओळखू आले नसते.

नानांनी रडू दिलं. दरम्यान त्यांनी कळशी उचलली आणि सावकाश बादलीत ओतली. या वेळी त्यांचा हात कुणी धरला नाही. लाडूचं तोंड पाण्याखाली गेलं. वाचेल की मरेल, कोण सांगणार? अजून तो कललेलाच होता.

"पोरीपाशी कोन असतंय दवाखान्यात?"

"तिची आई."

"रातचं?"

"तीच."

"आनी तू?"

संपतरावांनी बाहीनं डोळे पुसले. सांगू नये असं वाटत होतं, पण आता लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

"मी... टाकीपुढं बसलेला असतो. दवाखान्याच्या दारापर्यंत जातो, नाना. पुढं पाय उचलत नाही. एकदाही आत गेलो नाही मी."

फोन पुन्हा वाजायला लागला.

नानांनी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि पुन्हा पीळ घालायला घेतला. मान वर न करता ते म्हणाले,

"पोरीचं दुखणं वाटून घ्यायला तुझ्या घरात ह्यो एकटा मासाच हुता व्हय रं?"