ओल्शिनो गावची नोंद

नकाशावरून गाव पुसताना हात जरासुद्धा अडखळत नाही, याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

रशियातल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यात ओल्शिनो नावाचं गाव होतं. झिनाइदा आजींच्या लहानपणी तिथे चाळीस धुराडी धूर सोडत आणि संध्याकाळी कुरणात अकॉर्डियन वाजे. आता एकच धुराडं पेटत होतं, आजींचं. तरी रोज सकाळी बंद दारांकडे बघत त्या एकेका शेजारणीचं नाव घेत.

वसंतात बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला, त्याच दिवसांत जिल्हा कचेरीतून कुक्लिन साहेब कागद घेऊन आले.

"एका माणसाचं कुठे गाव असतं का, आजी? आजपासून ओल्शिनो नाही."

गाव गेलं की आठवड्याची पावाची गाडीही बंद होणार होती.

परतताना साहेबांची मोटार चिखलात रुतली. मोबाइलला रेंज नव्हती. गावातला एकुलता एक फोन आजींच्या भिंतीवर होता. आजींनी कचेरीत फोन लावून ट्रॅक्टर मागितला.

"कोणत्या गावी पाठवू?" पलीकडून प्रश्न आला.

आजींनी रिसीव्हर साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हातारीचा भ्रम, तुम्ही सांगितलंत तर सरकारी नोंद."

साहेबांनी खिडकीतून रुतलेल्या मोटारीकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ओल्शिनो." आणि रिसीव्हर ठेवून त्यांनी तो कागद निमूट फाडला.

तासाभराने ट्रॅक्टर आला. साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "इतक्या लवकर रस्ता कसा सापडला?"

"साहेब, मी इथलाच. शाळा बंद झाली त्या दिवशी शेवटची घंटा मीच वाजवली होती."