पेन्सिलीच्या फुल्या

'बँकेतून बोलतोय' म्हणत एका भामट्याने मोबाइलवर बटण दाबायला लावलं आणि निवृत्त नर्स प्रमिलाबाई खोतांचे चाळीस हजार गेले. त्या तडक बँकेत पोहोचल्या.

मॅनेजर दाभाडेंनी सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं त्यांना झापलं. "शिकल्यासवरलेल्या ना तुम्ही? न वाचता बटण दाबलंतच कसं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. बाई चष्मा लावून वाचू लागल्या.

"अहो, वाचत काय बसलात? पेन्सिलीने फुल्या केल्यात, तिथे सह्या करा!"

बाईंनी चष्मा काढला.

"न वाचता दाखवाल तिथे सही करायची, हे तीस वर्षं याच टेबलावर शिकले, साहेब. त्या चोराला नव्याने काहीच शिकवावं लागलं नाही!"