धाकूचा न हललेला फोटो

जंगलाला टेकलेल्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा फोटोग्राफर होता. कुणी सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

एकदा शहरातून केतकीबाई आल्या. त्या जंगलाचे फोटो कॅमेरा हलवून काढत.

धाकूने विचारलं, "बाई, हे मुद्दाम?"

"मुद्दाम. झाड उभं असतं ना? मग बटण दाबताना कॅमेरा वरून खाली ओढायचा. झाड पाण्यासारखं वाहतं."

धाकूने ओढला. सागाच्या हिरव्या-करड्या धारा झाल्या. धाकू हरखला.

दुसऱ्या दिवशी सुंद्राक्का पेन्शनच्या फोटोला आली. ती उभीच होती. धाकूने कॅमेरा वरून खाली ओढला. अक्काचा धबधबा झाला.

"मेल्या, माझं नाक कुठाय?"

"वाहिलं, अक्का."

"माणसाचा फोटो काढताना कॅमेरा हलवायचा नाही! गच्च बांधून ठेवायचा!"

"बरं."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या मुलीचं लग्न होतं. धाकूने कॅमेरा मांडवाच्या खांबाला गच्च बांधला. नवरा-नवरी उठली, जेवली, देवळात जाऊन आली. धाकू खांबापाशीच. अल्बमभर रिकामे पाट.

सरपंच म्हणाले, "अरे, माणसं हलायला लागली तर आधी त्यांना थांबवायचं. मग बटण दाबायचं."

"बरं."

शाळेच्या शर्यतीत धाकूने सगळ्यांत पुढच्या मुलीला दोरीच्या अलीकडेच थांबवलं. फोटो सुरेख आला. मुलगी चौथी आली.

मग रस्तारुंदी निघाली. वेशीवरचा जुना बेहडा जाणार होता. एवढं मोठं झाड तोडू नका, असा गावाने अर्ज केला. साहेब म्हणाले, "झाड एवढं मोठं आहे? उद्या बारापर्यंत फोटो आणा. पटलं तर वाचवतो."

सरपंचांनी धाकूचे दोन्ही हात धरले. "झाडाचा जीव तुझ्या हातात आहे. पान हललेलं दिसता कामा नये."

सकाळी वारा सुटला. बेहडा डुलायला लागला. धाकूने हात जोडून सांगितलं, "थांब." बेहडा थांबेना. पलीकडे रस्त्याची माणसं यंत्राच्या करवती घेऊन हुकमाची वाट बघत बसली होती.

"दादा, याचं हलणं तेवढं थांबवून द्याल का?"

"सरपंचांनी सांगितलंय?"

"त्यांनीच."

फार मदतशील माणसं. तासाभरात झाड पडलं. मग वाराही पडला.

बाराच्या आत धाकू कचेरीत हजर झाला. फोटोत पान न् पान मोजता येत होतं. साहेबांनी फोटो फिरवून फिरवून पाहिला.

"झाड मोठं आहे खरं. वाचवायलाच हवं. पण हे आडवं का?"

धाकू अभिमानाने म्हणाला, "उभं असताना फार हलत होतं, साहेब."