भिंतीपलीकडच्या पेशी

"सांगा ना, यातली एक तरी पेशी वाईट आहे का?"

शरयूचा आवाज चढला होता. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या स्वामीजींकडे ती पाहत होती. 



स्वामीजी मूळचे डॉक्टर; संन्यास घेतला तरी सूक्ष्मदर्शक त्यांनी सोडला नव्हता. आश्रमाच्या दवाखान्यात कापून काढलेली प्रत्येक गाठ त्यांच्याच डोळ्यांखालून जाई. शरयू त्यांची सगळ्यांत हुशार शिष्या. हे इतरांपेक्षा तिलाच जास्त माहीत होतं.

आज काचेवर तिच्या आईच्या गळ्यातून काढलेल्या गाठीचा पातळ काप होता. आई बाहेर बाकावर बसली होती. गाठ साधी निघाली, तर आज घरी. नाहीतर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि त्यापुढचं... ते शरयूला मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

"शस्त्रक्रियेआधी सुईने काढलेल्या पेशी मीच पाहिल्या होत्या," ती म्हणाली. "साध्या होत्या. आताही मोठ्या भिंगाखाली एकेक तपासली. गोल, नेटक्या. पुस्तकातल्या चित्रासारख्या."

"म्हणजे सगळ्यांच्या पत्रिका जुळल्या."

"थट्टा नको, स्वामीजी."

"मुलगा पाहिलास. घर पाहिलंस?"

शरयूने मान खाली घातली. आधी लहान भिंग, हा इथला पहिल्या दिवसाचा धडा. पेशींनी मिळून बांधलेली ऊती आधी पाहायची, मग पेशी. नवख्या पोरांना ती स्वतःच हे दटावून शिकवायची. आज मात्र ती थेट मोठ्या भिंगाकडे धावली होती.

स्वामीजींनी हात पुढे करून भिंगांचं चक्र फिरवलं. खट्... लहान भिंग खाली आलं.

"बघ."

"नको."

"शरयू..."

तिने डोळा लावला. पेशींचे आता नुसते ठिपके झाले होते. गाठीभोवती गुलाबी भिंत दिसत होती. ती अखंड असली तर गाठ साधी; फुटून पेशी बाहेर पडल्या असल्या, तर त्या कशाही दिसोत, कर्करोग. श्वास रोखून ती भिंतीच्या कडेकडेने निघाली. अखंड होती. इथेही अखंड. इथेही...

आणि मग भिंत फाटलेली दिसली.

त्या फटीतून पेशी बाहेर पडल्या होत्या. तशाच गोल, तशाच नेटक्या. पलीकडच्या रक्तवाहिनीत जाऊन बसल्या होत्या.

बाहेर आई खोकली.

"पण..." शरयूने भिंगावरून डोळा काढला. "पण त्यांच्यात वाईट असं काहीच नाहीये हो, स्वामीजी!"

"नाही ना," स्वामीजी म्हणाले. "म्हणून तर कुणी अडवलं नाही."