कोऱ्या पाठीचा गुराखी

सातवणगडच्या रणधवल राजाला खेळात हरलेलं खपत नसे, आणि जिंकून जिंकून त्याला कंटाळाही आला होता. आता अशा माणसाचं करायचं काय?

खेळ होता सोंगपटाचा. मोठ्या कापडावर रानं, नद्या, घाट, गुहा रंगवलेल्या. प्रत्येक गड्याने एक लाकडी सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि त्या सोंगाच्या तोंडून बोलत पट पार करायचा. एकाने पट सांगायचा: आता वाघ आला, आता पूल मोडला. मग कवड्या फेकायच्या. जास्त उताण्या पडल्या तर निभावलं, जास्त पालथ्या पडल्या तर सोंग बाद.

ही सोंगं घडवायचा धाकोबा चितारी. त्याच्या घराण्याची रीत अशी, की सोंगाच्या छातीवर त्याचं बळ रंगवायचं आणि पाठीवर त्याची खोट. योद्ध्याच्या छातीवर ढाल, तर पाठीवर उशी, कारण गडी भलत्या वेळी झोपतो. मांत्रिकाच्या छातीवर वीज, तर पाठीवर उंदीर, कारण उंदीर दिसला की तो मंत्र विसरतो. खोट रंगवल्याशिवाय सोंग घराबाहेर पडत नसे.

राजाने नवं सोंग मागितलं. धाकोबाने झकास राक्षस करून दिला. त्याची खोट एवढीच, की त्याला पोहता येत नव्हतं. राजा पहिल्याच नदीत बुडाला आणि रुसून जेवला नाही. म्हणाला, पाठ पुसून टाक. म्हाताऱ्याने मन मारून पुसली. मग राजा असा जिंकत सुटला, की पट सांगणारे दिवाण आबाजीपंत आपले म्हणायचे, "वाघ आला... आणि महाराजांना बघून गेला." राजा जांभया देऊ लागला.

शेवटी त्याने धाकोबाला बोलावून फर्मावलं, "असं सोंग कर, जे कधीच बाद होणार नाही. पण दर वेळी कवड्या टाकताना माझ्या छातीत धडधडलं पाहिजे."

"महाराज, जो बुडणारच नाही, त्याला पाण्याची भीती कशी वाटणार?" धाकोबाने विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता, पण रास्त प्रश्न राजाला विचारायचे नसतात. सोंग तयार होईपर्यंत धाकोबाची रवानगी कोठडीत झाली. कोठडीत बसून सोंग कसं घडवायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घरी राहिली त्याची सून आवडी. नवरा गेल्यावर सासऱ्यानेच तिच्या हातात पटाशी आणि कुंचला दिला होता, लेकीसारखं सांभाळलं होतं. ती रडत बसली नाही. लाकूड घेतलं, कामाला लागली आणि एके सकाळी कापडात काहीतरी गुंडाळून दरबारात हजर झाली.

कापडातून निघाला गुराखी. छातीवर वज्र, पाठ कोरी. राजाने अंगठ्याने ती पाठ घासून पाहिली. आवडी म्हणाली, याला वाघ खात नाही, पाणी बुडवत नाही, मंत्र बाधत नाही.

"म्हणजे मला पुन्हा झोप येणार," राजा म्हणाला.

तेव्हा आवडीने गुराख्याशेजारी एक वासरू ठेवलं. अंगठ्याएवढं, एक कान काळा. याच्यात बळ कसलंच नाही, हे गुराख्याबरोबर चालतं, कवड्या याच्यासाठी टाकायच्या, असं तिने सांगितलं आणि पट सांगायला स्वतःच बसली. दिवाणांना मांत्रिक घेऊन खेळावं लागलं.

राजाने लोडाला टेकूनच सुरुवात केली. नदी आली. गुराखी आरामात पार झाला, पण वासराच्या गळ्यापर्यंत पाणी चढलं. कवड्या कशाबशा उताण्या पडल्या आणि राजाने लोड सोडला. पुढे वासरू कोवळं गवत बघून थांबलं, हलेचना. "चल ना रे बाबा," राजा त्याला विनवू लागला. मग त्याने त्याचं नाव चांदू ठेवलं. मांत्रिकाने वीज पाडली, तेव्हा चांदू घाबरतो म्हणून दिवाणांना बोलणी खावी लागली.

घाटात वाघ आला. आवडीने सांगितलं, वाघ उपाशी आहे आणि त्याची नजर वासरावर आहे. राजाने कवड्या मुठीत घेतल्या, पण टाकेचना. कपाळावर घाम आला.

दिवाण आधीच वैतागले होते. ते म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, हे वासरू म्हणजेच या सोंगाची खोट.

"चांदूला खोट म्हणता?" राजा असा गरजला, की दिवाणांनी मांत्रिक पटाखाली लपवला.

आवडीने शांतपणे विचारलं, "महाराज, गुराख्याला काही होणार आहे का?"

"नाही."

"मग कवड्या का टाकत नाही?"

"मला काही होणार नाही गं," राजा काकुळतीने म्हणाला, "पण याचं काय?"

"मलाही कुणी हात लावलेला नाही, महाराज," आवडी म्हणाली. "घर आहे, चूल पेटते. पण माझे मामंजी तुमच्या कोठडीत आहेत."

राजाने आपल्या घट्ट आवळलेल्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि एकदम खदखदून हसत सुटला. हसता हसता डोळे पुसले. धाकोबाला तिथल्या तिथे मोकळं करायचा हुकूम झाला. आवडीला त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं आणि वर सांगितलं, की आजपासून पट तीच सांगेल.

धाकोबा आला. सोंगाची कोरी पाठ बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, वासरू दिसलं तशी ती गेली. तो सुनेशेजारी मांडी घालून बसला.

राजाची मूठ अजून मिटलेलीच होती. त्याने हळूच विचारलं, "आवडे, तेवढा वाघ जेवून आलेला चालणार नाही का?"

"नाही, महाराज. वाघ उपाशीच येणार."

"बरं," राजा म्हणाला, आणि डोळे मिटून त्याने कवड्या टाकल्या.