घडीवर फाडलेली वही

एका तालुक्याच्या गावी मालन नावाची एक विद्यार्थिनी इंग्रजी शब्दांच्या मागे हात धुऊन लागली होती. नोकरीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजीनेच घात केला होता. वडिलांनी तिसरी संधी दिली, ती शेवटची. म्हणून तिने वहीत सहाशे अवघड शब्द उतरवले. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधोमध घडी. घडी घालून अर्थ झाकायचा, पुटपुटायचा, मग उघडून ताडून पाहायचा. पाठांतराची ही रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की तिच्यावर शंका घेणारा वेडा ठरावा.

परीक्षेला महिना उरला, तेव्हा ती गावातल्या एका वृद्ध दुभाष्यांकडे गेली. साहेबी इंग्रजी साध्या माणसांना समजावण्यात त्यांचा उभा जन्म कोर्टात गेला होता. त्यांनी वही चाळली आणि 'मेटिक्युलस' म्हणजे काय, असे विचारले.

"सूक्ष्मावधानी," मालन एका दमात म्हणाली.

"आणि सूक्ष्मावधानी म्हणजे?"

मालनने घडी उघडून पाहिली; तिथे पुढे काहीच लिहिलेले नव्हते. आणखी पाच-सहा शब्दांची तीच गत झाली. मग म्हाताऱ्यांनी वहीचे एकेक पान शांतपणे घडीवर फाडले, अर्थांच्या पट्ट्या पेटीत ठेवल्या आणि शब्दांच्या तिच्या हाती दिल्या. रोज वीस शब्द घेऊन गावात हिंड आणि कोणता शब्द कोणाकडे राहतो ते पाहून ये, असे त्यांनी सांगितले.

मालनच्या डोळ्यांत पाणी आले आणि जिभेवर विष. "तुमचं सगळं करून झालंय, आजोबा. तुमचं काय जातंय? बुडणार ती मी," असे बोलून ती तरातरा निघून गेली.

पण वही तर गेलीच होती. अर्थ पाठ होते, ते कोणाला लागू पडतात एवढेच ठाऊक नव्हते. नाइलाजाने ती हिंडू लागली आणि हळूहळू तिला त्यात गोडी वाटू लागली. रफूवाल्याने कापडाच्या उलट्या बाजूचे, कोणालाही न दिसणारे चार टाके उसवून पुन्हा घातले, तेव्हा 'मेटिक्युलस' तिला भेटला. सासरी निघालेली एक मुलगी सामान वर चढवूनही एसटीच्या पायरीशी घुटमळत राहिली, तो 'रिलक्टंट'. खानावळीच्या काकू उरलेले वरण थालीपिठात मळताना दिसल्या, तो 'फ्रूगल'. काकू कंजूष मात्र नव्हत्या, कारण वाढताना त्यांचा हात सैल होता. दोन शब्दांतली ही रेषा कोणत्याच वहीत नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हाताऱ्यांकडे गेली आणि भेटलेली माणसे एकेक करून सांगू लागली. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "तू एका कुलपाला दुसरं कुलूप लावत होतीस, बाळ. इंग्रज असो की आपण, माणसं आधी जगतात, नाव मागून ठेवतात. ते जगणं एकदा पाहिलं, की नाव कुठल्याही भाषेतलं असो, परकं राहत नाही." मग त्यांनी पट्टीवरच्या एका शब्दावर बोट ठेवले. तो 'रिमोर्स' होता. "हा कोणाकडे सापडला?"

मालनने मान खाली घातली. "हा तुमच्या पायरीवर सापडला, आजोबा. त्या दिवशी जे बोलले, त्याचा पस्तावा महिनाभर पाठ सोडत नाही."

म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पेटी उघडून त्यांनी अर्थांच्या पट्ट्या पुढे केल्या. तिने त्या घेतल्या नाहीत.

मालन त्या खेपेला पास झाली. 'रिमोर्स' काही पेपरात आला नव्हता. पण सहाशे शब्दांत तोच तिला जन्मभर सर्वांत पक्का राहिला.