मनोरमाताईंसाठी माइक

‘पण तो माइक गेला कुठं?’ शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं.

कादरचाचा चहात बिस्कीट बुडवत होते. ते तुटायच्या बेताला आलं, तेव्हा त्यांनी अलगद उचलून तोंडात टाकलं.

‘स्टुडिओ बंद झाला, तवा भंगारात गेला,’ ते म्हणाले.

शार्दूलच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. असला माइक कुणी भंगारात घालतं होय?

तीस वर्षांपूर्वी मिरजेतल्याच एका खोलीत या म्हाताऱ्यानं मनोरमाताई कागलकरांचं गाणं टेपवर घेतलं होतं. खोली साधी आणि माइक एकच. ती टेप आजही लावली, की ताई हाताच्या अंतरावर बसून गातायत असं वाटतं. शार्दूलकडे अकरा माइक होते. त्यातला एक तर त्यानं कर्ज काढून जर्मनीहून मागवला होता. तरी त्याच्या स्टुडिओत त्याच ताई परक्या वाटत होत्या.

आणि हातात वेळ नव्हता. ताईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. उद्या ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, याची हमी डॉक्टर देत नव्हते. गुरूंनी दिलेल्या सात बंदिशी तेवढ्या एकदा नीट घेऊन ठेवाव्यात, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी त्यांनी सगळी मिरज सोडून शार्दूलला निवडलं होतं. दोन दिवस वाया गेले होते. उरला होता आजचा.

‘किती अंतरावर ठेवायचात तुम्ही?’

‘ध्यानात न्हाई.’

‘उंची?’

‘बाई बसायच्या. मग माइक बी बसायचा.’

म्हातारा ताकाला तूर लागू देत नव्हता. शार्दूलची नजर खोलीभर फिरली आणि खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेवर अडकली. ट्रंकेला कुलूप होतं.

चाचांनी ती नजर पाहिली. कनवटीची किल्ली काढून त्यांनी त्याच्या पुढ्यात टाकली.

‘बघ की.’

इथं खरं तर माणसानं लाजावं. शार्दूल लाजला नाही. त्यानं ट्रंक ओढली, उघडली. आत गोधड्या होत्या. पठ्ठ्यानं गोधड्यांखालीही हात घालून पाहिला.

‘गावली का ऊब?’ चाचांनी विचारलं. मग म्हणाले, ‘आता सांग. नडतंय काय?’

शार्दूलनं सांगितलं. पहिल्या दिवशी सगळं छान चाललं होतं. पण गाणं षड्जावर परत आलं, की नेमका तिथंच आवाज पडायचा. दर वेळी तिथंच. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, मशीन बदललं. कुठंतरी पाणी मुरत होतं. शेवटी त्याला सापडलं, की ताईच हलतात. मग दुसऱ्या दिवशी त्यानं गालिच्यावर चिकटपट्टी लावून त्यांची जागा आखली. मान हलवायची नाही म्हणून सांगितलं. माइकमध्ये त्यांच्या तंबोऱ्याचा आवाज घुसत होता, म्हणून तोही काढून घेतला आणि कानाला हेडफोन लावून त्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा दिला.

‘मग?’

‘मग एकदम स्वच्छ आलं. एक सूर इकडचा तिकडं नाही.’

‘बाई काय म्हणाल्या?’

शार्दूलनं ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली.

‘त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, ही बाई कोण?’

चाचांनी कप खाली ठेवला. खुंटीवरची टोपी घेतली.

‘चल.’

मनोरमाताई स्टुडिओत आधीच येऊन बसल्या होत्या. गळ्याला मफलर, मांडीवर मोकळे हात. पट्टीच्या चौकोनात त्या आखून दिल्यासारख्या बसल्या होत्या. चाचांना पाहून त्या हसल्या.

‘कादरभाई, किती वाळलात हो.’

‘तुमी बी काय पैलवान ऱ्हायला न्हाईत, बाई.’

शार्दूलनं अकराच्या अकरा माइक टेबलावर मांडून ठेवले होते. चाचांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हा नक्की नाटक करतोय, शार्दूलला वाटलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असणार.

‘तंबोरा कुठाय?’

तंबोरा बाहेर कपाटाशेजारी गवसणीत उभा होता. शार्दूलनं तो आणला. ताईंनी तो मांडीवर उभा घेतला, खुंट्या पिळल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांची पाठ सैल झाली. चाचा वाकले आणि गालिच्यावरची पट्टी ओढून काढली. तिचा बोळा करून त्यांनी तो खिशात घातला.

‘आता तू हितं बस. बाईंच्या म्होरं.’

‘मी? आणि मशीनवर कोण?’

‘मशीन बंद हाय.’

शार्दूल बसला, पण नजर चाचांच्या हातांवर ठेवून. आपल्याला इकडं गुंतवून म्हातारा तिकडं काहीतरी फिरवणार, आणि मग सगळं श्रेय घेऊन जाणार, असा त्याचा हिशेब होता. चाचांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

‘एका कानात बोट घाल.’

‘कशासाठी?’

‘माइकला एकच कान असतो.’

शार्दूलनं बोट घातलं. ताईंनी डोळे मिटले.

तबला नव्हताच. नुसता तंबोरा आणि आवाज. बंदीश उघडली, वर गेली, वरच जरा रेंगाळली. शार्दूल एका कानानं ऐकत होता आणि दोन डोळ्यांनी चाचांवर पाळत ठेवून होता. चाचा खांबासारखे उभे होते.

मग गाणं खाली यायला लागलं. षड्ज जवळ आला, तशी ताईंची मान कलली. गाल तंबोऱ्याच्या दांडीला टेकला. समोर बसलेल्या माणसाला विसरून त्यांनी तो सूर खाली, तारांकडे सोडला. घरातल्या माणसाशी हळू बोलावं तसा.

पुन्हा वर. पुन्हा खाली. पुन्हा गाल दांडीला.

तिसऱ्या वेळी शार्दूल कुठं होता, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एक हात गालिच्यावर टेकलेला, कंबर वाकलेली, कान तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून वीतभर. चाचांच्या हातांकडे लक्ष ठेवायचं होतं, हे तो विसरून गेला होता.

खांद्यावर हात पडला.

‘हलू नगंस,’ चाचा म्हणाले. ‘आता हितं, तुझ्या कानाच्या जागी माइक.’

‘कुठला?’

‘तुझा इस्वास असंल तो.’

शार्दूलचा आता कुठल्याच माइकवर विश्वास उरला नव्हता. हाताला लागला तो त्यानं घेतला. गालिच्यापासून हातभर वर, तोंड ताईंच्या कललेल्या गालाकडे, असा तो बसवला. मग सवयीनं दुसरा उचलून समोर लावायला निघाला.

चाचांनी मान हलवली.

‘एकच.’

दुपारपर्यंत सातही बंदिशी झाल्या. मध्ये एकदा ताई खोकल्या, एकदा शब्द विसरल्या. चाचांनी काहीही पुसू दिलं नाही.

मग ऐकायची वेळ आली. ताई डोळे मिटून बसल्या. शार्दूल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आताही विचारलं, ही बाई कोण, तर पुढं दिवसच उरला नव्हता.

पहिली बंदीश षड्जावर आली. ताईंचा हात हळूच मफलरवर, गाठीच्या जागी गेला. सातवी संपेपर्यंत तो तिथंच होता.

...

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘ही मीच.’

मग मफलर नीट गुंडाळत उठल्या.

‘आता कापू देत त्यांना.’

शार्दूलला रडू आलं. ते लपवायला तो वायरी गुंडाळत बसला. ताईंनी जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तंबोरा घेऊन रिक्षात बसल्या.

पण शार्दूलचा मुळातला स्वभाव शंकेखोर. रिक्षा कोपऱ्यावर वळली नसेल, तोवर यानं हेडफोन कानाला लावले. पुन्हा ऐकलं. कपाळावर आठी आली.

‘चाचा.’

चाचा दारात वहाणा शोधत होते.

‘षड्जावर ताई अगदी जवळ आहेत. पण मान वर करून समोर बघून गातात, तिथं आवाज लांब जातो. सगळीकडे. लोक म्हणतील, रेकॉर्डिस्ट झोपला होता.’

‘म्हणतील.’

‘समोर दुसरा माइक असता, तर दोन्ही मिळालं असतं. हे तुम्हाला ठाऊक होतं.’

‘व्हय.’

‘तरी लावू दिला नाहीत. मुद्दाम.’

‘व्हय.’

‘का?’

चाचांना एक वहाण सापडली. दुसरी दाराआड होती, ती त्यांनी पायानंच ओढून घेतली.

‘समोर बघून बाई लोकांसाठी गातात,’ ते म्हणाले. ‘त्ये लोकांनी लई ऐकलंय.’